गाव दवाखान्याला गुण देतं तेव्हा

बुलढाण्याहून नैऋत्येला भोकरदनच्या बाजूला निघालं, की जिल्ह्याची हद्द संपायच्या थोडं आधी धाड लागतं. पलीकडे जालना जिल्हा. एके काळी ही नुसती जिल्ह्याची हद्द नव्हती. 1853 मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पलीकडचा मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. हद्दीवरच्या गावांतल्या आजारी माणसाला असल्या रेषांशी देणंघेणं नसतं. कुणी बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जातं, कुणी चिखलीचा खासगी दवाखाना गाठतं, आणि फारच अवघड झालं तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय असतंच. उपचाराच्या वाटा लोकांना पाठ आहेत. पण दवाखान्यात नर्सच नव्हती, बाळंतपणाला पैसे मागितले, औषधाची चिठ्ठी हातात ठेवून बाहेरून आणायला सांगितलं, तर हे सांगायचं कुणाला?

ग्राहक आयोगाकडे जावं, असं शहरातला माणूस म्हणेल. 13 नोव्हेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात डॉक्टरी सेवेला ग्राहक कायदा लागू केला, ही रुग्णांच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती. मात्र जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात, ते दवाखाने त्याच निकालाने कायद्याबाहेर ठेवले. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे होते त्याला दाद मागायला दार उघडलं, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावर बसलेल्या बाईला ते बंदच राहिलं. तिच्यासाठी उरले सरपंच, जिल्हा परिषदेचा सदस्य आणि तालुक्याचा वार्ताहर.

या बाईचं म्हणणं ऐकायला दवाखान्याबाहेरची, दवाखान्याची मिंधी नसलेली एखादी जागा असावी, हा विचार महाराष्ट्रात रुजला तो एका लांबलचक धडपडीतून. ती धडपड डहाणूच्या पाड्यांवर, मेळघाटात, अणदूरला, पुरंदरच्या गावांत झाली. बुलढाणा जिल्ह्याच्या दोन्ही अंगांना ती येऊन गेली. तिचा इतिहास धाडसारख्या गावांनी वाचावा असा आहे.

जगात या बाबतीत सगळ्यात जुना आणि सगळ्यात चढउतारांचा अनुभव इंग्लंडचा. तिथे 1974 मध्ये प्रत्येक भागासाठी 'कम्युनिटी हेल्थ कौन्सिल' नेमल्या. निम्मे सदस्य स्थानिक नगरपालिका-परिषदांचे, एक तृतीयांश स्वयंसेवी संस्थांचे, उरलेले आरोग्य यंत्रणेने नेमलेले. त्यांना रुग्णालयात जाऊन पाहणी करायचा हक्क होता आणि एखादं रुग्णालय बंद करायचं तर त्यांचं मत घ्यावं लागे. काही कौन्सिल मिळमिळीत होत्या, काही फार खमक्या. 2003 मध्ये सरकारने इंग्लंडमधल्या सगळ्या कौन्सिल मोडीत काढल्या. त्यांच्या जागी एक रचना आली, पाच वर्षांत ती जाऊन दुसरी आली. नेमकं याच काळात स्टॅफर्डच्या रुग्णालयात म्हातारे रुग्ण पाण्यावाचून, स्वच्छतेवाचून हाल काढत होते. कागदावर रुग्णांची प्रतिनिधी संस्था तिथेही होती. ती आपल्याच भांडणांत गुंतली होती. बोंब मारली ती ज्युली बेली या बाईंनी. 2007 मध्ये त्यांची आई त्या रुग्णालयात वारली आणि त्यांनी इतर कुटुंबांना गोळा केलं. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी 2013 मध्ये आला. त्यात रुग्णालयाबरोबर या प्रतिनिधी संस्थांच्या अपयशाचीही नोंद आहे. एप्रिल 2013 पासून 'हेल्थवॉच' नावाची नवी व्यवस्था सुरू झाली. जुलै 2025 मध्ये तीही बंद करून तिचं काम आरोग्य खात्याकडे आणि स्थानिक यंत्रणांकडे सोपवण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. पन्नास वर्षं झाली, तरी रुग्णांच्या वतीने कोण बोलणार हा प्रश्न त्या श्रीमंत देशाने एकदाचा मिटवलेला नाही.

आपल्याकडे सुरुवात समित्यांपासून झाली नाही, माणसांपासून झाली. 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला काम मांडलं आणि गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. मुंबईचे प्लास्टिक सर्जन नोशिर अंटिया यांनी अलिबागजवळ मांडव्याला असाच प्रयोग केला. औषधाच्या बाटलीइतकंच, ती बाटली का येत नाही हे विचारायचं बळही गावाला हवं, हे या कामांतून दिसत गेलं. मांडव्याचा प्रकल्प स्थानिक राजकारणाच्या विरोधाला तोंड देत शेवटी आटोपता घ्यावा लागला. बायका प्रश्न विचारू लागल्या की कुणाला तरी ते खुपतंच.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डहाणू भागात, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, कष्टकरी संघटनेने 'सेहत' या संस्थेच्या मदतीने एक साधी युक्ती काढली. तिचं नाव आरोग्य कॅलेंडर. नर्सताई आणि आरोग्यसेवक पाड्यावर कोणत्या तारखेला येणार, हे आधी ठरलेलं असायचं आणि गावाला माहीत असायचं. आले की खूण, नाही आले की तीही खूण. महिन्याच्या शेवटी त्या कागदाकडे पाहिलं तरी सगळं कळायचं. सरकारी दप्तरात दौऱ्याच्या नोंदी आधीपासून होत्याच. फरक इतकाच की आता तशीच नोंद पाड्यावरही होती. पुढे जे काही घडलं त्याचं बीज या भिंतीवरच्या कागदात आहे.

डिसेंबर 2000 मध्ये बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे जगभरच्या आरोग्य कार्यकर्त्यांची जन आरोग्य सभा भरली. त्याआधी कोलकात्याला देशभरातले लोक जमले होते. 1978 च्या अल्मा-आटा परिषदेने 2000 सालापर्यंत सर्वांना आरोग्य देऊ असं म्हटलं होतं. ते साल उजाडलं आणि संपतही आलं होतं. या जमवाजमवीतून जन स्वास्थ्य अभियान उभं राहिलं. महाराष्ट्रात त्याचं नाव जन आरोग्य अभियान. डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला ही त्यातली माहितीतली नावं. दोघांचं काम पुण्याच्या 'साथी' या संस्थेशी जोडलेलं.

अभियानाने पहिला मोठा घाव घातला तो राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला बरोबर घेऊन. 2004 मध्ये देशाच्या वेगवेगळ्या भागांत आरोग्य हक्कावर जनसुनवाया झाल्या. पश्चिम विभागाची सुनवाई 29 जुलै 2004 रोजी भोपाळला भरली, राष्ट्रीय सुनवाई 16 आणि 17 डिसेंबरला दिल्लीत. उपचार नाकारले गेलेली माणसं आयोगापुढे उभी राहून बोलली आणि समोर बसलेल्या आरोग्य अधिकाऱ्यांना उत्तर देणं भाग पडलं. तक्रार अर्जावर शिक्का मारून तो फायलीत जातो. माणूस समोर उभा असला की तसं करता येत नाही. जनसुनवाईची सगळी ताकद इथे आहे.

पुढच्याच वर्षी, 12 एप्रिल 2005 रोजी, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. आशाताई आल्या, केंद्रांना खर्चायला पैसे आले. या अभियानाच्या आखणीतच लिहिलं होतं की सेवांवर देखरेख खात्याने तर करावीच, पण लोकांनीही करावी. देशातल्या नऊ राज्यांत त्याचा प्रयोग ठरला. महाराष्ट्रात 2007 मध्ये पाच जिल्हे निवडले गेले: अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. प्रत्येक जिल्ह्यात तीन तालुके, तालुक्यात तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं, केंद्रामागे पाच गावं. एकूण 225 गावांचा हा पसारा. राज्यभर काम जुळवायची जबाबदारी 'साथी'कडे होती. जिल्ह्यांत आधीपासून पाय रोवलेल्या संस्था होत्या: पुणे जिल्ह्यात मासूम, अणदूरचं हॅलो मेडिकल फाउंडेशन, नंदुरबारची जनार्थ आदिवासी विकास संस्था, ठाण्यात वननिकेतन, मेळघाटात खोज. सरकारी नाव होतं 'लोकाधारित देखरेख'. पुढे त्याला 'नियोजन'ही जोडलं गेलं.

काम कसं चालायचं हे सविस्तर सांगायला हवं, कारण त्याची खरी करामत तपशिलात आहे. गाव, आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पाच पायऱ्यांवर समित्या. त्यांत लोकप्रतिनिधी, खात्याचे अधिकारी, संस्था-संघटनांचे कार्यकर्ते आणि गावातली माणसं. कार्यकर्ते आधी गावात बैठका घेत आणि सरकारने कोणती सेवा द्यायचं कबूल केलं आहे हे सांगत. आश्चर्य वाटेल, पण पुष्कळ गावांत पहिला परिणाम या सांगण्याचाच झाला. नर्सने महिन्यात किती वेळा यायचं असतं, गरोदर बाईच्या कोणत्या तपासण्या व्हायला हव्यात, जननी सुरक्षा योजनेचे 700 रुपये कुणाला मिळतात, हे कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं. जे आपलं आहे हेच माहीत नाही, ते मागणार कसं?

मग प्रश्नांचा तक्ता भरला जायचा. लसीकरण वेळेवर होतं का? नर्सताई वस्तीवर येतात का, की फक्त गावठाणात? दवाखान्यात पैसे घेतात का? डॉक्टर मुक्कामी राहतात का? साप चावल्यावरची लस आहे का? बायकांशी बोलताना वेगळी बैठक, दलित-आदिवासी वस्तीवर वेगळी. उत्तरांना गुण द्यायचे. शंभरात 75 च्या वर गेलं तर हिरवा रंग, 50 ते 74 ला पिवळा, त्याखाली लाल. हा रंगीत तक्ता गावात सगळ्यांना दिसेल असा लावायचा. शाळेत मुलांना गुण मिळतात, तसे आता दवाखान्याला मिळू लागले. निरक्षर माणसालाही लाल रंग वाचता येतो. पुष्कळ ठिकाणी पहिल्या फेरीत लाल रंगाची कमतरता पडली नाही.

तिसरा टप्पा जनसुनवाईचा. केंद्राच्या आवारात किंवा तालुक्याच्या गावी मांडव पडायचा. पंचांच्या जागेवर जिल्हा परिषदेचे सदस्य, जाणकार डॉक्टर, पत्रकार. समोर गावं, बाजूला खात्याचे अधिकारी. तक्रार मोघम नको, तारीख-वार, नाव आणि पुरावा हवा, असा आग्रह असे. बाहेरून आणायला लावलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या पुढे यायच्या. सरकारी नोकरीत असून संध्याकाळी स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्यांचा विषय निघायचा. न झालेल्या लसीकरणाच्या नोंदी वाचून दाखवल्या जायच्या. अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, जमेल ते तिथेच मान्य करायचं, आणि पुढच्या सुनवाईत आधीच्या आश्वासनांचा हिशोब आधी वाचला जायचा. हा शेवटचा नियम फार मोलाचा. आश्वासन देणाऱ्याला ठाऊक असायचं की सहा महिन्यांनी, वर्षाने हीच माणसं पुन्हा समोर बसणार आहेत. या सगळ्याच्या बातम्या देणारं एक वार्तापत्रही निघत असे. त्याचं नाव 'दवंडी'.

सुरुवातीला डॉक्टर-कर्मचाऱ्यांनी हे मनापासून घेतलं नाही, आणि त्यांची बाजू समजण्यासारखी होती. दुर्गम केंद्रावरचा तरुण वैद्यकीय अधिकारी आधीच एकटा असतो. दुसरी जागा रिकामी, रुग्णवाहिका नादुरुस्त, औषधांची मागणी वरून अडलेली. भर मांडवात त्याला जाब विचारला तर तो बिथरणारच. पण दोन-तीन फेऱ्या झाल्यावर पुष्कळ ठिकाणी वेगळं चित्र दिसू लागलं. दोष कुणाचा हे तक्त्यात स्पष्ट व्हायला लागलं. नर्स येत नाही हा तिचा दोष. नर्सची जागाच भरलेली नाही हा तिचा दोष नव्हे. मग केंद्रातले डॉक्टरच आपल्या रिकाम्या जागा आणि औषधांचा तुटवडा सुनवाईत मांडायला लागले. वरच्या साहेबांना जे पत्राने कळत नव्हतं, ते गावाच्या तोंडून कळू लागलं.

आकड्यांत काय बदललं? 2008 च्या पहिल्या फेरीत गावपातळीवरच्या सेवांपैकी 48 टक्क्यांना 'चांगलं' असा शेरा होता. 2009 च्या दुसऱ्या फेरीत तो 61 वर गेला, तिसऱ्या फेरीत 66 वर. हे गुण गावांनी दिलेले आहेत, कुणा परक्या संशोधकाने मोजलेले नाहीत, म्हणून ते जपून वाचायला हवेत. त्याच काळात ग्रामीण आरोग्य अभियानाचा पैसाही येत होता, त्याचाही वाटा असणार. पण नेमकी कोणती सेवा सुधारली हे पाहिलं तर देखरेखीचा हात ओळखू येतो. नर्सच्या भेटी, लसीकरण, बेकायदा पैसे घेणं, फळ्यावर औषधांचा साठा लिहिणं, म्हणजे जे स्थानिक माणसांच्या हातात होतं ते पटकन सरळ झालं. तज्ज्ञ डॉक्टर, रिकाम्या जागा, औषधखरेदी, म्हणजे जे मुंबईत ठरतं ते जागचं फारसं हललं नाही. गावाचा आवाज तालुक्यापर्यंत खणखणीत पोचायचा. मंत्रालयाच्या पायऱ्या चढताना त्याला धाप लागायची.

केंद्र सरकारचा प्रायोगिक टप्पा संपल्यावर इतर राज्यांत हे काम बऱ्याच ठिकाणी थंडावलं. महाराष्ट्राने मात्र राज्याच्या आराखड्यात त्याला जागा दिली, आणि पुढे आणखी आठ जिल्हे घेतले: औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), बीड, सोलापूर, कोल्हापूर, नाशिक, रायगड, चंद्रपूर, गडचिरोली. पाचाचे तेरा झाले. नकाशावर पाहिलं तर बुलढाणा ज्या महसूल विभागात येतो त्यातला अमरावती जिल्हा पहिल्या यादीत आणि शेजारचा औरंगाबाद दुसऱ्या यादीत. धाड या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात. दोन्ही याद्यांत बुलढाण्याचं नाव नाही.

धाडसारख्या गावाला तेव्हा जे मिळालं ते राज्यातल्या सगळ्याच गावांना मिळालं. एक म्हणजे ग्राम आरोग्य समिती आणि तिच्या खात्यात वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत बंधनमुक्त निधी. दुसरं म्हणजे दवाखान्याची रुग्ण कल्याण समिती. या दुसऱ्या समितीचा जन्म मराठी वाचकाला ओळखीच्या गावचा आहे: इंदूर. 1994 मध्ये सुरतेला प्लेग उसळला, सगळीकडे घबराट पसरली, आणि इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांनी उच्छाद मांडलेला होता. प्रशासनाने रुग्णालय रिकामं करून, धुऊन काढून, उंदरांचा नायनाट केला. तेव्हा लोकांकडून मदत गोळा करायला आणि पुढे देखभाल पाहायला जी समिती झाली, तीच रुग्ण कल्याण समिती म्हणून आधी मध्य प्रदेशात आणि मग देशभर गेली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीच्या हाती वर्षाला पावणेदोन लाख रुपयांपर्यंत येऊ लागले: कल्याण समितीचा एक लाख, देखभालीचे पन्नास हजार, बंधनमुक्त पंचवीस हजार.

या पैशातून पुष्कळ केंद्रांत पाण्याच्या टाक्या झाल्या, बाळंतिणीच्या खाटांवर गाद्या आल्या, इन्व्हर्टर बसले. ते चांगलंच झालं. पण रुग्णाच्या बाजूने बोलणारी संस्था म्हणून या समितीकडे पाहिलं, तर तिची घडणच आड येते. अध्यक्ष जिल्हा परिषदेचा सदस्य, सचिव त्याच केंद्राचा वैद्यकीय अधिकारी. ज्याच्याबद्दल तक्रार असू शकते तोच बैठक बोलावतो, तोच इतिवृत्त लिहितो, खर्चाच्या कागदावर त्याचीच सही. माणूस कितीही सज्जन असला तरी ही बसण्याची जागा चुकीची आहे. देखरेखीचं काम चाललेल्या जिल्ह्यांत कार्यकर्त्यांनी हे ओळखलं आणि रुग्ण कल्याण समितीच्या पैशाचं नियोजन गावाच्या प्रतिनिधींना बसवून करायला लावलं. निधी कशावर खर्च व्हावा याची यादी तक्त्यातल्या लाल खुणांवरून निघू लागली. 'लोकाधारित देखरेख व नियोजन' हे लांबलचक नाव तिथून आलेलं आहे.

याही कामाच्या मुळाशी एक अडचण होती आणि ती कार्यकर्ते उघडपणे बोलायचे. दवाखान्यावर देखरेख करणाऱ्या संस्थांना पैसे दवाखाना चालवणारं खातंच देत होतं. आराखड्याला मंजुरी उशिरा आली की गावातले कार्यकर्ते महिनोन् महिने मानधनावाचून काम करायचे, सुनवाया पुढे ढकलल्या जायच्या. खात्यातला एखादा अधिकारी या कामाचं मोल जाणणारा असला की गाडी चालायची, त्याची बदली झाली की अडखळायची. आपल्यावर बोट ठेवणाऱ्याला सरकारने पैसे द्यावेत, ही मोठ्या मनाची गोष्ट होती आणि महाराष्ट्र सरकारला तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण ज्या संस्थांना गावात आधीपासून वीस-वीस वर्षांचं काम आणि स्वतःची माणसं होती, त्या निधी रखडला तरी तग धरू शकल्या, हे विसरता येत नाही.

इतकं सगळं सरकारी दवाखान्यापुरतं झालं. गावाकडचाही मोठा रुग्णवर्ग आज खासगी दवाखान्यात जातो, आणि तिथे कुणी मांडव घालू शकत नाही. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांसाठी कायदा होता तो 1949 चा, शुश्रूषागृह नोंदणीचा. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारला नाही. ऑगस्ट 2018 मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने रुग्ण हक्कांची सनद तयार केली. तिच्यात सतरा हक्क आहेत. पहिला माहितीचा, दुसरा आपले कागद आणि अहवाल मिळण्याचा, आणि सतरावा आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा व दाद मिळण्याचा.

मग कोरोना आला. 21 मे 2020 च्या अधिसूचनेने राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले. दर बांधले, पण ते पाळले जातात का हे रोज कोण पाहणार? लेखापरीक्षक नेमले गेले, काही ठिकाणी बिलं कमी झाली, पुष्कळ कुटुंबांनी दागिने आणि जमीन गहाण टाकून बिलं भरली. दुसऱ्या लाटेनंतर हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली. नवरा गमावलेल्या बायकांना सरकारी योजना मिळवून देणं हे तिचं मुख्य काम. पण त्या बायकांशी बोलताना प्रत्येक घरातून रुग्णालयाचं बिल पुढे यायला लागलं. समितीने आणि जन आरोग्य अभियानाने मिळून अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या बिलांची माहिती गोळा केली. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांकडून ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे घेतल्याचं त्यांना आढळलं. माणूस तर गेलाच होता. निदान जास्तीचे पैसे परत मिळावेत, म्हणून या बायका कागद घेऊन अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. डहाणूच्या कॅलेंडरपासून सुरू झालेली रीत इथे एका वेगळ्याच, फार दुःखाच्या ठिकाणी उपयोगी पडली: आपली नोंद आपल्या हाताने ठेवा, एकत्र करा, आणि जो उत्तर देणं लागतो त्याच्यासमोर मांडा.

याच सुमाराला, जानेवारी 2021 मध्ये, 1949 च्या कायद्याचे नवे नियम आले. रुग्णालयात रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं, बिल भरलं नाही म्हणून मृतदेह अडवून न ठेवणं, तक्रारीसाठी कक्ष आणि टोल फ्री क्रमांक, हे त्यांत आलं. नियम कागदावर चांगले आहेत. ते भिंतीवर किती ठिकाणी दिसतात हे पाहायला कुणाला परवानगीची गरज नाही.

आणि बुलढाणा जिल्हा? डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस मुठीमुठीने गळायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग तीन-चार दिवसांत टक्कल. लेकरं, कॉलेजच्या पोरी, म्हातारे, कुणी सुटलं नाही. जानेवारीत आरोग्य खात्याची पथकं आली, पाण्याचे नमुने गेले, पाण्यात नायट्रेट जास्त निघालं. बुरशीचा संशय झाला, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे शास्त्रज्ञ आले. मग विंचूदंशावरच्या संशोधनामुळे जगभर ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतः गावांत जाऊन तपासणी करून आले. ते मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातले. रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त आहे आणि केस त्यामुळे गळताहेत, असं निदान त्यांनी मांडलं. एप्रिल 2025 मध्ये त्याच पट्ट्यातल्या लोकांची नखंही गळायला लागली.

या महिन्यांत गावकऱ्यांचं म्हणणं बाहेर पोचलं ते मुख्यतः सरपंच, वार्ताहर आणि वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांमधून. त्याचा उपयोग झाला, दिल्लीपर्यंत हालचाल झाली. केंद्रातले आरोग्य राज्यमंत्री प्रतापराव जाधव याच जिल्ह्याचे खासदार आहेत. पण कॅमेऱ्याला डोक्यावरचं टक्कल हवं असतं, आणि पोरीच्या बापाला तिच्या लग्नाची काळजी असते. वाहिन्यांवर टक्कल पडलेले चेहरे घरोघर दिसले, इकडे गावात पोरींनी कॉलेजला जाणं सोडलं. आपला चेहरा न दाखवता, आपल्या गावात बसून, रक्ताच्या नमुन्यात काय निघालं, गहू कुठून आला आणि तो थांबवला का, हे अधिकाऱ्यांना विचारायला मेळघाटातल्या किंवा अणदूरच्या बाईला जनसुनवाईचा मांडव होता. शेगावच्या या गावांतून रक्त, केस, पाणी, गहू सगळ्यांचे नमुने गेले. त्यांची उत्तरं गावात येऊन, सगळ्यांसमोर, तारीख-वार वाचून दाखवायला हवीत. त्यासाठी लागणारी ग्राम आरोग्य समिती या तिन्ही गावांच्या दप्तरात असायलाच हवी, आणि सुनवाई कशी भरवायची हे शिकवू शकतील अशी माणसं शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात आहेत.